दुमडलेल्या कोपऱ्याची बाजू



वाचता वाचता मध्येच उठावं लागलं की आपण पानाचा वरचा कोपरा दुमडतो आणि पुस्तक मिटतो. या कृतीला मराठीत काय म्हणायचं? 'पान दुमडलं', 'पान मुडपलं', 'कोपरा मोडला', 'खूण घातली' अशी क्रियापदं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण त्या दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्याला स्वतःचं असं नाव माझ्या तरी ऐकण्यात नाही. शाळेत मात्र एक नाव कानावर यायचं आणि ते तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. वह्या तपासताना आमच्या बाई ओरडायच्या, "हे काय, वहीला कुत्र्याचे कान केलेत!"

हे नाव इंग्रजीतून जसंच्या तसं उचललेलं. इंग्रज निदान साडेतीनशे वर्षं दुमडलेल्या कोपऱ्याला कुत्र्याचा कान म्हणत आले आहेत. जर्मन आणि डच लोक त्याला गाढवाचा कान म्हणतात, डॅनिश आणि हंगेरियनही तेच म्हणतात. स्वीडिश लोक पुन्हा कुत्र्याकडे वळतात. फ्रेंचांना तिथे कान न दिसता शिंग दिसलं. जनावर बदलतं, रोख बदलत नाही. युरोपातल्या जुन्या शाळांत 'ढ' मुलाला गाढवाच्या कानांची टोपी घालून कोपऱ्यात बसवायची शिक्षा होती, ती इथे पुस्तकाच्या कोपऱ्यात येऊन बसली आहे.

आपल्या भाषेने 'कुत्र्याचे कान' सहज सामावून घेतले, कारण कानाची शिक्षा आपल्याकडेही जुनीच. कान पिळतात, कान उपटतात, कानउघाडणी करतात, आणि हे सगळं नेहमी मोठ्याने लहानाचं करायचं असतं. सुनेची कानउघाडणी सासूने करायची, विद्यार्थ्याचे कान मास्तरांनी पिळायचे. तेव्हा हे नाव वाचणारीने दिलेलं नाही, हे उघड आहे. ते पुस्तक सांभाळणाऱ्याने दिलं, ज्याच्या कनवटीला कपाटाच्या किल्ल्या आहेत त्याने. मराठीत नाव देणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. इथे दुसरंच झालं आहे.

सगळ्या जगाने कोपऱ्याची अशी नालस्तीच केली असंही नाही. जपानमध्ये बांधणीच्या वेळी एखाद्या पानाचा कोपरा चुकून आत दुमडला गेला आणि कातरीतून सुटून तेवढाच जास्तीचा राहिला, तर त्याला शुभ कागद म्हणतात. त्याचं दुसरं नाव एबिसु या दैवताच्या नावावर आहे. दहाव्या महिन्यात बाकीचे सगळे देव इझुमोला जमायला जातात आणि एबिसु तेवढा घरी मागे राहतो, अशी तिकडची समजूत. सगळी पानं कापली गेली आणि हा कोपरा मागे राहिला, म्हणून तो एबिसुचा. अर्थात हा दोष कारखान्यातला, वाचणाऱ्याने केलेला नव्हे. तरीही दुमडलेल्या कोपऱ्याकडे बघून कुणाला घरी मागे राहिलेल्याची आठवण व्हावी, हे मला आवडलं.

मराठीत जुनं नाव नाही याचं एक कारण मला पोथीत दिसतं. पोथीची पानं सुटी, आडवी, लाकडी फळ्यांत ठेवून रुमालात बांधलेली. कुठवर आलो ते सांगायला पान पालथं ठेवलं की पुरे. शिवलेली बाडं होती, नाही असं नाही, पण कोपरा दुमडण्याची सवय खऱ्या अर्थाने पसरली ती एका कडेला शिवलेल्या छापील पुस्तकाबरोबर. शिवाय पोथी वाचणारा बहुधा पुरुष. तो आंघोळ करून, पाटावर बसून, ठरलेला अध्याय संपवूनच उठायचा. ओवी अर्ध्यावर असताना त्याला कुणी "दूध उतू जातंय" म्हणून हाक मारत नसे. ज्याला मध्येच उठावं लागत नाही त्याला खुणेची गरज नाही, आणि खुणेसाठी शब्दाचीही नाही.

आता आपल्याकडची जी क्रियापदं आहेत ती बघा. दुमडणं, मुडपणं, घडी घालणं. बाहीची दुमड, परकराच्या घेराची मुडपलेली कड, घडीची पोळी, कपाटातल्या साड्यांच्या घड्या. हे सगळे शब्द बायकांच्या हाताखालून गेलेले आहेत आणि यांतल्या एकातही शिवी नाही. दुमडणं म्हणजे खराब करणं नव्हे. दुमडतो ती गोष्ट आपण जपून ठेवतो, नाहीतर तिची कड उसवू नये म्हणून दुमडतो. 'घडी' हा शब्द तर फारच कामाचा. घडी म्हणजे दुमड, घडी म्हणजे थोडा वेळ आणि घडी म्हणजे घराची व्यवस्थाही. आपली गोची या एका शब्दात मावते. घडीभर वाचायला मिळालं की घराची घडी विस्कटते, आणि ती विस्कटू नये म्हणून पानाची घडी घालून उठावं लागतं.

हे शब्दांचे खेळ वाटतील, पण त्यामागे मिनिटांचा हिशेब आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, असं तिच्यात दिसलं. पुरुषांपैकी जे हे काम करतात त्यांची सरासरी ८८ मिनिटं. मुलांची, आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची काळजी घेण्याचा वेळ वेगळाच, त्यात बायकांची १३७ आणि पुरुषांची ७५. हे आकडे महत्त्वाचे आहेतच, पण त्यांत एक गोष्ट पकडता येत नाही. पुरुषाची अर्ध्या तासाची फुरसत बहुधा सलग असते. बाईची तेवढीच फुरसत सहा तुकड्यांत येते. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला एक तुकडा, नळाला पाणी येण्याआधीचा एक, पोराला झोप लागल्यावर आणि नवरा घरी येण्याआधी मिळतो तो एक. अशा वाचनात दर वेळी उठताना खूण लागते. तीही एका हाताने, त्याच क्षणी करता येईल अशी, कारण दुसऱ्या हातात एव्हाना चिमटा नाहीतर पोर आलेलं असतं.

"मग खुणेची पट्टी का वापरत नाही?" असं विचारणारे सज्जन आहेत. वाचनालयांच्या वर्धापनदिनाला सुविचार छापलेल्या, झालर लावलेल्या पट्ट्या वाटतातही. ती पट्टी पहिल्याच दिवशी मुलाच्या हाती लागते. बायका काय वापरतात ते पुस्तकं परत येतात तेव्हा आतून पडतं. एस.टी.चं तिकीट, केसाची पिन, रेशनच्या दुकानाची पावती, लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा, औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, एकदा तर वाळलेला कढीपत्ता. यातलं काहीही हाताशी नसेल तेव्हा कोपरा. तो हरवत नाही, विकत आणावा लागत नाही आणि पुस्तक हातातून पडलं तरी जागचा हलत नाही.

व्हर्जिनिया वुल्फने १९२९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात बायकांच्या लिहिण्याबद्दल असाच विचार मांडला होता. व्यत्यय येतच राहणार, तेव्हा बायकांची पुस्तकं सलग तासन्‌तास मागणार नाहीत अशा बेताची असावीत, अशा अर्थाचं ती लिहिते. त्या निबंधातली स्वतःची खोली आपण शिबिराशिबिरांतून इतक्या वेळा ऐकली आहे की व्यत्ययाचा हा मुद्दा मागेच राहून गेला. लिहिणाऱ्या बायकांचं व्हायचं ते होवो, वाचणाऱ्या बायकांच्या वाट्याला खोली अजून बहुधा नाहीच. त्यांच्या वाट्याला पुस्तकाचा कोपरा आहे.

आणि पूर्वी तर तोही नव्हता. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ मध्ये झालं. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते अजिबात मान्य नव्हतं. त्यांचे टोमणे आणि अबोला सोसत रमाबाई कशा शिकल्या ते त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. निदान नवरा तरी त्यांच्या बाजूला होता. बंगालमधल्या राससुंदरी देवींना तेवढाही आधार नव्हता. लग्न बाराव्या वर्षी. पुढे मुलंबाळं, सासर भरलेलं आणि बाईने अक्षर ओळखणं हा अपराध. 'चैतन्य भागवत' वाचायची त्यांना अनावर इच्छा झाली. ती पोथी घरात आली तेव्हा त्यांनी तिचं एक सुटं पान काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात लपवून ठेवलं. मोठ्या मुलाने अक्षरं गिरवलेलं एक ताडपत्रही मिळवलं. मग स्वयंपाक करता करता, कुणी बघत नाही असं पाहून, ताडपत्रावरचं एकेक अक्षर त्या पोथीच्या पानावर ओळखू लागल्या. पुढे त्यांनी 'आमार जीबन' लिहिलं. बंगालीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून आज त्याचा मान आहे.

राससुंदरींनी आजच्या एखाद्या वाचनालयातून पुस्तक नेलं असतं आणि एक पान कमी करून परत केलं असतं तर? ग्रंथपालाने पुस्तकाची किंमत वसूल करून त्यांचं नाव काढून टाकलं असतं.

हे उगाच लिहीत नाही. मी राहते त्या तालुक्याच्या गावात एक जुनं वाचनालय आहे. आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली नोंदणी झालेल्या वाचनालयांना 'अ' ते 'ड' असा वर्ग मिळतो आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. आमच्या वाचनालयात महिला विभागही आहे. खिडकीजवळची दोन कपाटं आणि एक बाक एवढाच तो विभाग. तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी मी बसते. गेल्या वर्षी कार्यकारिणीने फलक लावला. पुस्तकाचं पान दुमडलेलं आढळल्यास पानामागे पाच रुपये दंड.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक बाई जाड कादंबरी घेऊन आल्या. चार घरी पोळ्या करतात, सातवीपर्यंत शिकलेल्या. कादंबरी त्यांनी तीन आठवड्यांत संपवली होती आणि मला त्यातल्या थोरल्या बहिणीबद्दल बोलायला त्या उत्सुक होत्या. टेबलावरच्या मुलाने पानं चाळून अकरा कोपरे मोजले. पंचावन्न रुपये. वाचनालयाची महिन्याची वर्गणी तीस. त्यांनी काही वाद घातला नाही. पदराच्या गाठीतले पैसे मोजून ठेवले आणि थोरल्या बहिणीबद्दल न बोलताच निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात शेजारची मुलगी त्यांचं कार्ड घेऊन आली, अनामत रक्कम परत मागायला.

नियम सगळ्यांना सारखा आहे, असं कार्यकारिणीचं उत्तर. कागदावर तो सारखाच आहे. पण दंड कुणाच्या कार्डांवर पडतो ते मी बघत असते. महिला विभागातल्या. निवृत्त गृहस्थ दुपारी वाचनालयातल्याच टेबलाशी, पंख्याखाली बसून वाचतात. त्यांना उठावं लागलंच तर पुस्तक उघडं पालथं घालून चहा पिऊन येतात. पुस्तकाची पाठ त्याने कोपऱ्यापेक्षा जास्त मोडते, पण त्याला दंड नाही. वृत्तपत्रांच्या टेबलावरचं शब्दकोडं सकाळी नऊच्या आत कुणीतरी शाईने सोडवून टाकलेलं असतं. नोकरीच्या जाहिराती तर पात्याने कापून नेतात. त्या मुलांवर माझा राग नाही, स्पर्धा परीक्षांच्या रांगेत त्यांची वर्षं चालली आहेत. पण कापलेलं पान चालतं आणि दुमडलेलं चालत नाही, हा न्याय कुठला? आणखी एक गंमत. दंडाची नोंद ज्या संगणकावर होते त्याच्या पडद्यावर प्रत्येक फाईलचं चित्र असतं. कोऱ्या कागदाचं चित्र, आणि त्याचा वरचा उजवा कोपरा व्यवस्थित दुमडलेला.

दंड बसल्यापासून बायकांनी नाना युक्त्या काढल्या आहेत. कुणी पुस्तक परत करण्याआधी रात्रभर पोळपाटाखाली दाबून ठेवतात. एकीने कोपऱ्यांवर इस्त्री फिरवली. (रेघ राहतेच, पण हलकी होते.) बऱ्याचजणी कादंबऱ्या सोडून मासिकांकडे वळल्या, कारण मासिकांची पानं कुणी तपासत नाही. आणि काही येईनाशाच झाल्या. यात पाच रुपयांचा प्रश्न आहे तसा घरी द्याव्या लागणाऱ्या उत्तराचाही आहे. "वाचायला पंचावन्न रुपये?" हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो तिथे पुढच्या पुस्तकाचा विषयच निघत नाही.

पुस्तक जपायचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. कागदाची प्रकृती ज्यांना कळते ते दुमडायला भितात ते उगाच नव्हे. पूर्वी जुन्नर आणि दौलताबादकडे हाताने कागद बनायचा, त्याचे धागे लांब आणि चिवट. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा यंत्रावरचा कागद आला. त्यावर शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी घालायची पद्धत होती. त्या तुरटीमुळे कागदात हळूहळू आम्ल तयार होतं, धागे तुटून आखूड होतात आणि पन्नास-साठ वर्षांनी कागद पिवळा, पापडासारखा कुरकुरीत होतो. असा कोपरा एकदा दुमडला की पुन्हा सरळ होत नाही, तुटून हातात येतो. आणि आपल्या चळवळीचं धन याच कागदावर आहे. ताराबाई शिंद्यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ चा. तो जवळजवळ विस्मरणात गेला होता. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला म्हणून आज आपण अभ्यासवर्गात त्यावर बोलतो. जुनी प्रत कुठे तरी टिकली होती म्हणूनच हे घडलं. अशा प्रतीचा कोपरा कुणी दुमडू लागलं तर मी स्वतः तिचा हात धरीन.

पण आमच्या महिला विभागात ताराबाईंची १८८२ ची प्रत नाही. तिथे गेल्या वीस-तीस वर्षांत छापलेल्या, बाजारात आजही मिळणाऱ्या कादंबऱ्या, पाककृती, चरित्रं आणि कायद्याच्या पुस्तिका आहेत. दुर्मिळ प्रतीचा नियम त्यांना लावायचा म्हणजे रोजची स्टीलची ताटं चांदीच्या भांड्यांसारखी कपाटात ठेवायची.

आणि जपणारे सगळे जपतातच असंही नाही. अमेरिकेतल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनी, विशेषतः १९८० नंतरच्या दशकात, जुनी पुस्तकं किती ठिसूळ झाली आहेत ते ठरवायला एक कसोटी लावली होती. ती म्हणजे पानाचा कोपरा दुमडायचा. आधी पुढे, मग मागे, आणि तो कितव्या घडीला तुटतो ते मोजायचं. जी पुस्तकं या परीक्षेत नापास झाली त्यांतल्या कितीतरींची सूक्ष्मचित्रफीत करून मूळ प्रती मोडीत काढल्या गेल्या. निकोल्सन बेकर या लेखकाने २००१ मध्ये 'डबल फोल्ड' हे पुस्तक लिहून त्यावर झोड उठवली. त्याचं म्हणणं साधं होतं. पान वाचताना आपण ते उलटतो, मागेपुढे मोडत नाही. या कसोटीत नापास झालेलं पानही शेकडो वेळा उलटून वाचता येतं, हे त्याने स्वतः पानं उलटून पाहिलं. म्हणजे वाचणारीने कोपरा दुमडला तर ती कुत्र्याचे कान करणारी, आणि संस्थेने दुमडला तर ती शास्त्रीय चाचणी!

मला वाटतं, कोपऱ्यावरच्या रागात कागदाची काळजी असते, तशी आणखीही एक गोष्ट असते. कुणीतरी आपल्या आधी इथे थांबलं होतं, आणि थांबणारी आपल्यासारखी नव्हती, हे दिसणं काहींना खपत नाही. कोरं पुस्तक कुणाचंच नसतं, म्हणून ते मालकाचं राहतं. दुमडलेल्या पानावर वाचणारीचा हात दिसतो.

महिला विभागात आलेल्या पुस्तकांच्या घड्या मी वाचायला शिकले आहे. बाळंतपणाच्या पुस्तकात कोपरा कुठे दुमडतात, पाककृतींच्या पुस्तकात कुठे (बिनअंड्याचा केक, दर वेळी), हे आता मला पाठ झालंय. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा सोप्या मराठीत सांगणारी एक पुस्तिका आहे. तिचं एकच पान वरून दुमडलेलं आहे, खालूनही दुमडलेलं आहे, आणि वरच्या घडीवर आणखी एक घडी आहे. त्या पानावर लिहिलं आहे की घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी त्या राहत्या घरात राहण्याचा बाईला हक्क आहे. तीन घड्या म्हणजे निदान तीनदा कुणीतरी इथे थांबलं. त्या एकमेकींना ओळखत नसतील, पण दुसरीला पुस्तिका उघडताच कळलं असणार की इथे आधी कुणी येऊन गेलंय. त्या पुस्तिकेचे कोपरे मी सरळ करत नाही.

मात्र ती पुस्तिका फारशी कुणी घरी नेत नाही. बाकावर बसून वाचतात, दुमडतात आणि जागेवर ठेवून जातात. याचं कारण कोपरा गुपित ठेवत नाही. चिठ्ठी पटकन काढून घेता येते, घडीची रेघ मागे राहते. घरात दुसऱ्याने पुस्तक उचललं तर ते नेमकं त्याच पानावर उघडतं, आणि मग "हे कशाला वाचतेस?" इथून पुढे काहीही होऊ शकतं. अशा घरातल्या बायका कोपरा दुमडत नाहीत. एकीने मला तिची युक्ती सांगितली. ती पान क्रमांक दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवते. अर्धा लिटर, एक लिटर, मध्येच ४७. कुणाला संशय येत नाही. म्हणून कोपरा दुमडता येणं हीसुद्धा सगळ्यांना परवडणारी चैन नाही, हे दंड लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. जिला घरात उघडपणे कोपरा दुमडता येतो तिने आधीच बरीच मजल मारलेली असते. तिच्याकडून पाच रुपये काय घ्यायचे?

वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. पान फाडण्याचा, कापण्याचा दंड राहू द्या, तो सगळ्या विभागांना लावा. दुमडण्याचा दंड काढून टाका. दुर्मिळ आणि ठिसूळ पुस्तकं वेगळ्या कपाटात ठेवा, ती तिथेच बसून वाचायची असा नियम करा आणि बायकांना बसायला दुसरा बाक द्या. पाठिंब्याला किती हात वर होतील ते सांगता येत नाही. सभा नेहमी रविवारी सकाळी अकराला असते, आणि अकराला महिला विभागातल्या बहुतेक सभासद कुठे असतात ते वेगळं सांगायला नको. वेळ दुपारी चारची करा, असं पत्र आम्ही सतराजणींनी सह्या करून दिलं आहे.

तोवर एक काम तुमच्याकडे. 'कुत्र्याचे कान' मला वापरायचे नाहीत, आणि माझ्याकडे दुसरं नाव नाही. मी तूर्त 'घडी' म्हणते. वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात, गोव्यात, बेळगावकडे तुमच्या आईच्या, आजीच्या तोंडी या कोपऱ्याला काही वेगळा शब्द असेल, तर तो पोस्टकार्डावर लिहून पाठवा. शब्द कुणाकडून ऐकला आणि ती काय वाचायची, हेही कळवा.